चेतापेशीतली वाहतूक मोजायची तर आधी रूळ ओळखा

कायमोग्राफ म्हणजे ॲक्झॉनवरची, चेतापेशीच्या लांब तंतूवरची, हालचाल एकाच चित्रात दाखवणारा आलेख. त्यात वरून खाली काळ मोजतात आणि डावीकडून उजवीकडे अंतर. रेघ उजवीकडे झुकली की माल ॲक्झॉनच्या टोकाकडे चाललाय, डावीकडे झुकली की पेशीच्या धडाकडे, म्हणजे केंद्रक असलेल्या मुख्य भागाकडे, परत येतोय. हे खरं ठरतं ते धड डावीकडे असेल तरच. माझ्या पहिल्या वर्षी मी अकरा चित्रफितींचं विश्लेषण संपवलं आणि नंतर कमी क्षमतेच्या भिंगाखाली काढलेली काही छायाचित्रं हाती लागली. त्यांवरून कळलं, की चार फितींत धड उजव्या बाजूला होतं. ते चौकटीबाहेर राहिलं होतं आणि मी वहीत बाजू लिहिली नव्हती. वेग बरोबर होते, आलेख सुबक होता, दिशा मात्र उलटी. ज्या फितींची अशी छायाचित्रंच नव्हती, त्या टाकून द्याव्या लागल्या.

म्हणून हा लेख मी माल वाहून नेणाऱ्या मोटर प्रथिनांपासून सुरू करत नाही, ती ज्यांवरून चालतात त्या रुळांपासून करतो. जिवंत चेतापेशीतली वाहतूक पहिल्यांदाच चित्रित करायला बसलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. या प्रयोगातला जवळजवळ प्रत्येक निर्णय, मग तो दोन फ्रेममध्ये किती वेळ ठेवायचा हा असो की रेघ कुठून ओढायची हा, पेशीच्या सांगाड्यावरूनच ठरतो. सांगाडा नीट समजला की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सांगाड्याची ओळख

आधी विसरणाचा, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याचा, एक हिशेब मांडू. पेशीद्रवात प्रथिनाचा विसरण गुणांक सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर धरा. १० मायक्रोमीटर अंतर नुसत्या विसरणाने पार व्हायला सुमारे ५ सेकंद लागतात. १ मिलिमीटरला सुमारे १४ तास. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा ॲक्झॉन जवळपास १ मीटर लांब असतो. तेवढ्या अंतराला लागतील दीड हजाराहून जास्त वर्षं. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, त्यामुळे लांब पेशीत विसरणावर विसंबून चालतच नाही. उलट वेगवान वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे तेच अंतर अडीच दिवसांत संपतं. बहुतेक प्रथिनं धडातच तयार होतात आणि ती टोकाला पोचवावी लागतात, हे १९४८ साली वाइस आणि हिस्को यांच्या प्रयोगांतून दिसलं होतं. त्यांनी चेतातंतू एका जागी आवळून धरला, तेव्हा धडाच्या बाजूला फुगवटा आला.

हे रूळ म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनची जोडी ८ नॅनोमीटर लांबीची असते. अशा जोड्या एकामागे एक लागून धागा होतो, आणि बहुधा १३ धागे शेजारी शेजारी बसून २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी बनते. प्रत्येक जोडीचं तोंड एकाच बाजूला असल्यामुळे नळीची दोन टोकं सारखी नसतात. वेगाने वाढणारं ते धन टोक, दुसरं ऋण टोक. वाहतुकीच्या दृष्टीने मायक्रोट्यूब्यूलबद्दल याहून महत्त्वाचं काही नाही. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या ॲक्झॉनमध्ये जवळजवळ सगळ्या नळ्यांची धन टोकं बाहेरच्या दिशेला असतात. डेंड्राइटमध्ये, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांत, मात्र दोन्ही दिशांच्या नळ्या मिसळलेल्या असतात.

दोन मोटर प्रथिनं इथे महत्त्वाची: कायनेसिन-१ धन टोकाकडे चालतं, डायनिन ऋण टोकाकडे. दोघांनाही धड कुठे आणि टोक कुठे याची काहीच जाण नसते. पायाखालचा रूळ जिकडे तोंड करून आहे त्यावरून ते दिशा घेतात. ॲक्झॉनमध्ये कायनेसिन बाहेर जातं आणि डायनिन आत येतं, ते रूळ एकाच दिशेने टाकलेले असतात म्हणून. तेच कायनेसिन डेंड्राइटमध्ये दोन्हीकडे जाऊ शकतं. म्हणून फितीतली दिशा पाहून मोटर कोणती ते ओळखायचं असेल, तर चित्रण ॲक्झॉनचंच झालंय याची आधी खात्री हवी.

कायनेसिन १९८५ साली व्हेल, रीझ आणि शीट्झ यांनी शोधलं, स्क्विडच्या महाकाय ॲक्झॉनमधून काढलेल्या द्रव्यात. ते एकेक ८ नॅनोमीटरचं पाऊल टाकतं, म्हणजे बरोबर एका ट्युब्युलिन जोडीएवढं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. काचेवर ते सेकंदाला साधारण ०.८ मायक्रोमीटर चालतं. म्हणजे सेकंदात शंभर पावलं. मला हा आकडा आजही थांबवून ठेवतो. डायनिनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे: त्याला डायनॅक्टिन आणि मालाशी जोडणारं एखादं ॲडाप्टर प्रथिन मिळालं तरच ते लांब पल्ला चालतं.

सांगाड्याचे उरलेले दोन घटक. न्यूरोफिलामेंट १० नॅनोमीटर जाडीचे असतात आणि मोठ्या ॲक्झॉनची जाडी मुख्यतः त्यांच्यावर ठरते. त्यांच्यावरून कोणतीच मोटर चालत नाही. ॲक्टिनचे धागे सुमारे ७ नॅनोमीटरचे. २०१३ साली अतिसूक्ष्म चित्रणातून दिसलं, की ॲक्झॉनच्या पडद्याखाली ॲक्टिनची कडी साधारण १९० नॅनोमीटर अंतराने बसवलेली असतात आणि स्पेक्ट्रिन त्यांना जोडून ठेवतं. लांबचा प्रवास मायक्रोट्यूब्यूलवरून होतो. ॲक्टिन आणि मायोसिनचं काम जवळच्या अंतरावर, म्हणजे टोकाशी, सिनॅप्समध्ये (दोन चेतापेशींच्या जोडावर) आणि डेंड्राइटच्या काट्यांत.

पायरी १: माल ठरवा, मग फ्रेमचा वेग

नवखा विद्यार्थी आधी मायक्रोस्कोप राखून ठेवतो आणि मग काय बघायचं ते ठरवतो. क्रम उलटा हवा. सिनॅप्सकडे जाणाऱ्या छोट्या पिशव्या सेकंदाला १ ते ३ मायक्रोमीटर धावतात. मायटोकॉन्ड्रिया बरेच हळू जातात, आणि प्रौढ ॲक्झॉनमध्ये त्यांतले बहुतेक जागीच असतात. न्यूरोफिलामेंट दिवसाला १ मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतात.

पिशव्यांसाठी सेकंदाला पाच फ्रेम ठेवा, एक-दोन मिनिटं पुरतात. मायटोकॉन्ड्रियासाठी दर दोन सेकंदांनी एक फ्रेम आणि किमान पाच मिनिटं. यामागचा नियम सरळ आहे: एका फ्रेममध्ये कण जेवढा सरकतो ते अंतर दोन शेजारच्या कणांमधल्या अंतरापेक्षा बरंच कमी असलं पाहिजे. २ मायक्रोमीटर वेगाचा कण ०.२ सेकंदात ०.४ मायक्रोमीटर जातो, ओळखू येतो. दर सेकंदाला एकच फ्रेम घेतली तर तो २ मायक्रोमीटर उडी मारतो आणि पुढच्या फ्रेममधला ठिपका त्याचाच की शेजाऱ्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

माल दिसावा म्हणून चमकतं खुणेचं प्रथिन पेशीत घालताना मात्रा कमीत कमी ठेवा. झगझगीत पेशी निवडायचा मोह होतो, पण अशा पेशीत प्रथिनाचे गोळे झालेले असतात आणि हालचाल बिघडलेली असते. मंद पण स्वच्छ दिसणाऱ्या पेशी घ्या.

पायरी २: ॲक्झॉन ओळखा आणि बाजू लिहून ठेवा

उंदराच्या भ्रूणातल्या हिपोकॅम्पसच्या पेशी पॉली-लायसिन लावलेल्या काचेवर वाढवतात आणि साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी चित्रित करतात. ॲक्झॉन बारीक, लांब आणि शेवटपर्यंत सारख्या जाडीचा असतो. डेंड्राइट धडाशी जाड आणि पुढे निमुळता. नुसत्या आकारावर विसंबू नका. जिवंत पेशीवर न्यूरोफॅसिनचं प्रतिपिंड लावलं तर ॲक्झॉनचा सुरुवातीचा तुकडा उजळतो आणि शंका राहत नाही. प्रयोगानंतर पेशी स्थिर करून मॅप-२ हे डेंड्राइटमधलं प्रथिन रंगवलं, तर डेंड्राइट वेगळे दिसतात.

आता तीन गोष्टी करा, प्रत्येक फितीआधी. कमी क्षमतेच्या भिंगाखाली धड आणि टोक दोन्ही दिसतील असं छायाचित्र काढा. चित्रणाची चौकट त्यावर खुणेने दाखवा. फितीच्या नावातच धडाची बाजू लिहा, ‘धड-डावीकडे’ किंवा ‘धड-उजवीकडे’. पुरं अर्धं मिनिटही लागत नाही.

पेशींची गर्दी असली आणि धड सापडतच नसलं, तर मायक्रोफ्लुइडिक चेंबर वापरा. त्यात दोन कप्पे असतात आणि मध्ये सुमारे ४५० मायक्रोमीटर लांबीच्या अरुंद खाचा. धडं एका कप्प्यात राहतात, डेंड्राइट एवढ्या लांब पोचत नाहीत, पलीकडे निघतात ते फक्त ॲक्झॉन. दिशा चेंबरच्या रचनेतूनच मिळते. ज्याला शेकडो ॲक्झॉन मोजायचे आहेत त्याने याच वाटेने जावं असं माझं मत आहे.

पायरी ३: रूळांची दिशा डोळ्यांनी बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. ईबी-३ हे प्रथिन वाढत्या मायक्रोट्यूब्यूलच्या धन टोकाला चिकटतं. त्याला चमकतं प्रथिन जोडून चित्रण केलं की काळ्या पार्श्वभूमीवर शेपटीवाले ठिपके सरकताना दिसतात, लहानशा धूमकेतूंसारखे. वेग सेकंदाला ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर. दोन सेकंदांना एक फ्रेम पुरते.

निरोगी ॲक्झॉनमध्ये जवळपास सगळे ठिपके धडापासून दूर जातात. बरेचसे धडाकडे येताना दिसले, तर तीन शक्यता: तुम्ही डेंड्राइट पाहताय, धडाची बाजू चुकीची लिहिली आहे, किंवा तुमच्या पेशीतले रूळच विस्कटले आहेत. पहिल्या दोन तिथल्या तिथे तपासता येतात. तिसरी खरी निघाली तर तोच तुमचा निष्कर्ष आहे, आणि वाहतुकीचे आकडे त्याच्या उजेडात वाचावे लागतील. एक लक्षात ठेवा, हे ठिपके म्हणजे माल नव्हे. नळी वाढतेय एवढंच ते सांगतात.

दिशेची आणखी एक पडताळणी मला आवडते. ॲक्झॉनच्या टोकाला तयार होणारे ऑटोफॅगोसोम (पेशीतला टाकाऊ माल गोळा करणाऱ्या पिशव्या) मधल्या भागात जवळजवळ एकमुखाने धडाकडे येतात. त्यांच्यावरच्या एलसी-३ प्रथिनाच्या खुणेने ते दिसतात. त्यांच्या रेघा ज्या बाजूला झुकतात, ती धडाची.

पायरी ४: चित्रण

तापमान ३७ अंशांवर स्थिर ठेवा. मोटर प्रथिनं शेवटी एंझाइमच आहेत, गारठ्यात ती मंदावतात. तेलाचं भिंग डिशमधली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे खोका गरम असूनही नेमक्या भिंगावरच्या पेशी थंड राहतात. भिंगाला वेगळा हीटर लावा आणि अर्धा तास सगळं स्थिरावू द्या. सकाळच्या पहिल्या दोन फिती नेहमीच मंद येत असतील, तर कारण इथे शोधा.

प्रकाश पेशीला इजा करतो. शेवटच्या मिनिटात हालचाल पहिल्या मिनिटापेक्षा स्पष्ट कमी झाली, तर प्रकाश कमी करा, फ्रेमची संख्या नव्हे.

पायरी ५: कायमोग्राफ काढा आणि वाचा

फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फीत उघडा. तुटक रेघेचं साधन घ्या आणि ॲक्झॉनवरून रेघ ओढा, नेहमी धडाकडून टोकाकडे. चौकटीत धड उजवीकडे असलं तर रेघही उजवीकडून सुरू करा. असं केलं की प्रत्येक कायमोग्राफमध्ये उजवीकडे म्हणजे टोकाकडे, अपवाद नाही. रेघेची जाडी ॲक्झॉनएवढी ठेवा, पाच ते नऊ पिक्सेल, आणि जाडीभरातली सरासरी न घेता सर्वांत उजळ मूल्य घ्या. मंद कण सरासरीत पुसले जातात.

आता चित्राकडे निवांत बघा, मोजायची घाई नको. उभ्या रेघा म्हणजे थांबलेले कण. रेघ जितकी आडवी, तितका वेग जास्त. उभ्या रेघांकडे आधी लक्ष द्या, कारण त्या तुमचा ओळंबा आहेत. सगळ्या उभ्या रेघा एकाच क्षणी एकाच बाजूला वाकल्या, तर डिश सरकली आहे, कण नाही. सगळ्या एकदम फिक्या झाल्या, तर फोकस सुटला आहे. थांबलेले कण जागेवर दिसत नसतील, तर धावणाऱ्यांच्या वेगावर विश्वास ठेवू नका.

मग तिरक्या रेघा. बाहेर जाणारी छोटी पिशवी बहुधा लांब, सरळ रेघ काढते. मायटोकॉन्ड्रिया जाड रेघ काढतं, थांबतं, पुन्हा निघतं, मध्येच माघारी फिरतं. ते मिरो आणि ट्रॅक या प्रथिनांमार्फत मोटरला जोडलेलं असतं आणि कॅल्शियम वाढलं की थांबतं, म्हणून ते सक्रिय सिनॅप्सपाशी रेंगाळतं. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे सावध राहा. कण एकमेकांना ओलांडून गेले की दोघेही वळले, हे छेदाच्या जागी कळत नाही. छेदाआधीची आणि नंतरची चमक आणि जाडी पाहून ठरवा. ठरत नसेल तर रेघ छेदापाशी तोडा आणि दोन तुकडे वेगळे मोजा.

पायरी ६: आकडे काढा

समजा भिंग ६० पट आहे आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा, म्हणजे चित्रातला एक पिक्सेल ०.१०८ मायक्रोमीटर. फ्रेम ०.२ सेकंदांना एक. एक रेघ ४५ फ्रेममध्ये १२० पिक्सेल उजवीकडे जाते, ३० फ्रेम उभी राहते, मग २५ फ्रेममध्ये आणखी ६० पिक्सेल जाते.

पहिला तुकडा: १२.९६ मायक्रोमीटर ९ सेकंदांत, वेग १.४४. तिसरा: ६.४८ मायक्रोमीटर ५ सेकंदांत, वेग १.३. पूर्ण प्रवास: १९.४४ मायक्रोमीटर २० सेकंदांत, म्हणजे ०.९७. दिवसाच्या हिशेबात पहिला वेग १२४ मिलिमीटर होतो आणि निव्वळ वेग ८४. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तुकड्याचा वेग मोटर कशी चालते ते सांगतो, निव्वळ वेग माल कधी पोचतो ते.

म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा: तुकड्यांचे वेग, सलग धाव किती लांब, थांबण्यात किती टक्के वेळ गेला, आणि ठरावीक जागेवरून मिनिटाला दोन्ही दिशांना किती कण गेले. सरासरी वेगाचा एकच आकडा दिला की यातलं बरंचसं हरवतं. मंद वाहतुकीचं कोडं नेमकं इथेच सुटलं. न्यूरोफिलामेंट इतके हळू का, याचं उत्तर २००० सालच्या सुमारास जिवंत चित्रणातून मिळालं. ते चालतात तेव्हा वेगातच चालतात, तेही मायक्रोट्यूब्यूलवरूनच, पण जवळजवळ सगळा वेळ थांबून राहतात. ॲक्झॉनमध्ये न्यूरोफिलामेंट विरळ झालेल्या नैसर्गिक फटी असतात. एखादा एकटा धागा ती फट झपकन ओलांडताना दिसला आणि ‘मंद मोटर’ शोधायची गरज उरली नाही.

पायरी ७: रूळ काढून पाहा

हालचाल मायक्रोट्यूब्यूलवरून होतेय हे दाखवायला नोकोडाझोल वापरतात. ते सुट्या ट्युब्युलिनला धरून ठेवतं, नवी नळी वाढत नाही. ईबी-३ चे ठिपके काही मिनिटांत नाहीसे होतात. पिशव्या मात्र त्यानंतरही धावत राहतात आणि विद्यार्थ्याला वाटतं औषध खराब आहे. तसं नसतं. ॲक्झॉनमधल्या बऱ्याच नळ्या जुन्या आणि टिकाऊ असतात, त्या लवकर मोडत नाहीत. ईबी-३ आणि माल या दोन्हींचं चित्रण करा, म्हणजे औषधाने काम केलं का आणि रूळ शिल्लक आहेत का, या दोन प्रश्नांची गल्लत होत नाही. सोबत औषधाशिवाय तेवढंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रावक) घातलेली डिश हवीच. लॅट्रनक्युलिनने ॲक्टिन मोडलं तर लांबची वाहतूक तशीच चालू राहते.

पायरी ८: मोजणी कशाची, हे ठरवा

एका ॲक्झॉनमध्ये साठ कण मोजले म्हणून साठ स्वतंत्र नमुने होत नाहीत. ते सगळे त्याच रुळांवरून, त्याच तापमानात धावले. तुलना वेगवेगळ्या दिवशी तयार केलेल्या कल्चरमध्ये करा, आणि मोजणाऱ्याला कोणती डिश कोणती ते कळू देऊ नका. छेदलेल्या रेघा कुठे तोडायच्या हे हातानेच ठरतं, तेव्हा अपेक्षा नकळत आकड्यात उतरते.

फरक दिसला तर तो कुठे बसतो ते चार आकड्यांवरून शोधा. फक्त बाहेर जाणाऱ्यांची धाव तोकडी झाली, तर कायनेसिन किंवा त्याची मालाशी जोडणी तपासा. कायनेसिनच्या केआयएफ-५ए जनुकातल्या दोषाने पायांचे लांब ॲक्झॉन आधी निकामी होतात आणि चालण्यात ताठरपणा येतो. दोन्ही दिशांना थांबे वाढले आणि वेग तसाच राहिला, तर रुळाकडे बघा. नळ्यांवर चिकटणारं टाउ प्रथिन वाढलं की कायनेसिनला अडथळा होतो, डायनिनला त्या मानाने कमी. मायक्रोट्यूब्यूल कापणाऱ्या स्पास्टिनचा बिघाडही याच कुळातला. व्हिंक्रिस्टिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही कर्करोगाची औषधं नळ्यांवरच काम करतात. पहिलं त्यांची जुळणी रोखतं, दुसरं त्यांना गोठवतं. दोन्हींनी मुंग्या आणि बधिरपणा पावलांत आणि बोटांत सुरू होतो, कारण तिथे पोचणारे ॲक्झॉन सर्वांत लांब असतात.

आणि एकूण संख्या तीच राहून बाहेर जाणारे आणि परत येणारे यांची नेमकी अदलाबदल झालेली दिसली, तर औषध किंवा जनुकाकडे वळण्याआधी कमी क्षमतेच्या भिंगाखालचं ते छायाचित्र उघडा.